तंबाखूचा गल्ला : खाणे, ओढणे आणि विकणे यांबाबत शरीअतचे म्हणणे

तंबाखू हराम आहे की मकरूह, हा वाद आपल्या मोहल्ल्यांत जुना आहे. परंतु तो बहुधा खाणाऱ्या-ओढणाऱ्यांपुरताच चालतो. विकणाऱ्याचे काय, ठोक माल भरणाऱ्याचे काय, टपरीला गाळा भाड्याने देणाऱ्याचे काय, हे फारसे कोणी विचारत नाही. नांदेड-लातूरकडे तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पान-तंबाखू विकणे हाच पिढीजात धंदा असलेली तांबोळी बिरादरी आपल्याच समाजाची आहे. नांदेडच्या इतवाऱ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत आणि देगलूर-उदगीरच्या बाजारांत आपल्या बांधवांच्या पानटपऱ्या व किराणा दुकाने आहेत. वेल्डिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये, सुतारकामावर उस्तादाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असतेच. म्हणून व्यापारी व कारागिरांच्या दृष्टीने या विषयाचा अभ्यास करणे आम्हास आवश्यक वाटते.

तंबाखू आपल्याकडे आली कशी?

पहिली गोष्ट ही की, कुरआन अवतरले त्या काळी अरबस्तानात तंबाखू नव्हती. ती अमेरिका खंडातील वनस्पती. १४९२ नंतर युरोपीय लोकांनी ती जगभर नेली आणि पोर्तुगीजांमार्फत ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. उत्तरेत ती गेली ती आपल्या दख्खनमधूनच. अकबर बादशाहाचा अधिकारी असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला असता त्याला तेथे तंबाखू आढळली. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती जडावाच्या चिलमीसह अकबरापुढे ठेवली. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, सबब ती घेऊ नये, असे शाही हकिमांनी सांगितले. बादशाहाने थोडी ओढून पाहिली, पण सवय लावून घेतली नाही. असद बेगने बराच माल आणला होता. तो त्याने सरदारांना वाटला. सरदार मागू लागले, तसे व्यापारी विकू लागले आणि चाल पसरली. व्यापाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. तंबाखू राजाज्ञेने पसरली नाही, दुकानातून पसरली.

पुढे १६१७ साली जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. तुर्कस्तानात चौथ्या मुरादने १६३३ साली बंदी घालून देहांताची शिक्षा ठेवली. दोन्ही ठिकाणी तंबाखू टिकली. केवळ हुकुमाने ही सवय जात नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

उलेमांची चार मते

ज्या वस्तूबद्दल कुरआन व हदीसमध्ये थेट आज्ञा नाही, तिच्याबद्दल उलेमा तत्त्वांवरून निर्णय काढतात. तंबाखूबाबत गेल्या चारशे वर्षांत चार मते झाली.

पहिले मत मुबाहचे, म्हणजे परवानगीचे. वस्तूचा मूळ हुकूम परवानगीचा असतो. मनाई करायची तर पुरावा हवा, असा या मताचा आधार. दमास्कसचे हनफी विद्वान अब्दुलगनी नाबुलसी (निधन १७३१) यांनी या बाजूने स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

दुसरे मत मकरूह तन्जीहीचे, म्हणजे न केलेले बरे. तोंडाला येणारी दुर्गंधी हे त्याचे मुख्य कारण. आपल्या देशातील पूर्वीच्या अनेक हनफी आलिमांनी हुक्क्याबद्दल परवानगीचे किंवा या दर्जाचे मत दिलेले आहे.

तिसरे मत मकरूह तहरीमीचे, म्हणजे हरामच्या अगदी जवळचे.

चौथे मत स्पष्ट हरामचे. सतराव्या शतकातही ते होते. इजिप्तचे मालिकी विद्वान इब्राहीम लकानी यांनी मनाईच्या बाजूने लिहिले, तर त्याच काळी, त्याच देशात, त्याच मजहबचे अली उजहूरी यांनी परवानगीच्या बाजूने लिहिले. विसाव्या शतकात सौदी अरेबियाचे शेख इब्ने बाज यांनी तंबाखूचे सेवन व विक्री दोन्ही हराम ठरविली. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने १९९५ साली धूम्रपान हराम असल्याचे जाहीर केले.

इंडोनेशियाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेथे तंबाखूवर लाखो शेतकरी व कामगार जगतात. तेथील उलेमा परिषदेने २००९ साली मुले, गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान हराम ठरविले. इतरांबाबत मकरूह व हराम अशी दोन मते कायम ठेवली. मुहम्मदिया या संघटनेने २०१० साली ते सर्वांसाठीच हराम म्हटले. नहदतुल उलेमा ही दुसरी मोठी संघटना मकरूहवर राहिली. रोजगाराचा प्रश्न तेथेही चर्चेत होताच.

मते बदलली कशी?

शरीअत बदलली काय, असे कोणी विचारेल. शरीअत बदलली नाही, माहिती बदलली. जुन्या फिकही ग्रंथांतील चर्चा वाचली तर दिसते की, परवानगी देणाऱ्यांचा मोठा आधार हाच होता की नुकसान सिद्ध झालेले नाही. त्या काळचे हकीम एकमत नव्हते. काही तर तंबाखूला पचनाचे औषध समजत. अशा स्थितीत मनाई न करणे हे सावधपणाचेच होते. १९५० साली इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९६४ साली अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जे तंबाखू सोडत नाहीत त्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तिच्यामुळेच मरतात आणि भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख मृत्यू तंबाखूमुळे होतात.

या माहितीला शरीअतची तत्त्वे लावून पाहावीत.

१) आपल्या हातांनी स्वतःला विनाशात ढकलू नये, ही सूरह बकराची (आयत १९५) शिकवण, आणि स्वतःचा जीव घेण्यास सूरह निसामध्ये (आयत २९) केलेली मनाई.

२) पैगंबर (स.) चांगल्या वस्तू हलाल व घाणेरड्या वस्तू हराम ठरवितात, असे सूरह आराफमध्ये (आयत १५७) आले आहे.

३) उधळेपणा करणाऱ्यास सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २६-२७) सैतानाचा भाऊ म्हटले आहे.

४) स्वतःचे नुकसान नको आणि दुसऱ्याचेही नको, या आशयाची हदीस इब्ने माजामध्ये आहे. फिकहचा एक मोठा नियमच तिच्यावर उभा आहे.

५) नशा आणणाऱ्या व अंगात सुस्ती आणणाऱ्या वस्तूंची मनाई हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसमध्ये अबू दाऊदने नोंदविली आहे. तंबाखू या व्याख्येत बसते की नाही, यावर मात्र उलेमांत मतभेद आहेत.

नुकसान सिद्ध नाही म्हणून परवानगी, असे जे म्हणत होते, त्यांच्याच तर्काने नुकसान सिद्ध झाल्यावर परवानगीचा पाया ढासळतो, असे आम्हास वाटते. तरीही मकरूह म्हणणाऱ्या आलिमांचा मान कमी होत नाही. या मतभेदावरून एकमेकांना फासिक म्हणत सुटणे चूक आहे.

शिवाय चार गोष्टींत मतभेद जवळजवळ नाहीच. तंबाखूला कोणीही पुण्य किंवा सुन्नत म्हणत नाही. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. विडीच्या वासाला तोच हुकूम लागतो. रोज्यात जाणूनबुजून ओढले किंवा तंबाखू चघळून तिचा रस गिळला तर रोजा तुटतो. आणि ज्याला वैद्याने ही वस्तू तुझ्या जिवावर बेतेल असे सांगितले आहे, त्याच्यासाठी ती हरामच आहे.

आपल्याकडील रोग धुराचा कमी, चघळण्याचा जास्त

धूम्रपानाचे फतवे वाचून आपल्याकडे काही जण म्हणतात, आम्ही कुठे ओढतो, आम्ही तर फक्त मळून खातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांचे प्रमाणही १७ टक्के निघाले. मिश्री भाजून दात घासणाऱ्या आमच्या आया-बहिणी यातच येतात. ही सवय घराच्या आत असल्यामुळे तिच्यावर कोणी बोलत नाही, एवढेच.

तंबाखू-चुना, मावा, खर्रा, जर्दा यांची पहिली झळ तोंडाला लागते. सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होते. पुढे घासही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. लातूरकडील कितीतरी रुग्ण बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात जातात, कोणी थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. उपचारापायी दुकान, प्लॉट, बायकोचे दागिने जातात. तेव्हा हुकूम धुराला लागू आणि पुडीला नाही, असे म्हणता येणार नाही. नुकसान हेच कारण असेल तर ते दोन्हीकडे आहे.

विक्रीचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तंबाखूचा व्यापार हलाल की हराम?

ज्यांच्या मते सेवन हराम, त्यांच्या मते विक्रीही हराम. जी वस्तू हराम, तिचे मूल्यही हराम, हा त्यांचा नियम. सत्कार्यात एकमेकांना साहाय्य करा, पापात करू नका, ही सूरह माइदाची (आयत २) आज्ञा ते पुढे ठेवतात.

अनेक हनफी मुफ्तींचे उत्तर वेगळे आहे. तंबाखू ही दारूप्रमाणे नजिस वस्तू नाही, ती शरीअतच्या दृष्टीने माल आहे. म्हणून सौदा वैध होतो आणि कमाई सरळ हराम ठरत नाही. मात्र हा धंदा नापसंत आहे, यापेक्षा चांगला शोधावा, असे तेही सांगतात. विक्री जायज मानणाऱ्यांच्या मते दुकानातील तंबाखूच्या मालावर जकातही द्यावी लागते. परवानगीचा फतवा घ्यायचा आणि जकातीच्या वेळी तो माल मोजायचा नाही, असे चालणार नाही.

सामान्य व्यापाऱ्याने काय करावे? हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत. त्यांपासून जो वाचला त्याने आपला दीन व आपली इज्जत वाचविली, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. तंबाखूचा धंदा कमीत कमी या मधल्या कुंपणावर आहे, हे तर सर्वांनाच मान्य व्हावे.

परंतु सगळ्यांचा दर्जा एक नाही. आम्ही तो असा लावतो.

गुटखा व बंदी असलेला माल. येथे मतभेदाला जागाच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर पहिली बंदी २००२ साली आली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली जुलै २०१२ पासून पुन्हा बंदी आली आणि ती दरवर्षी वाढविली जात आहे. नांदेड जिल्हा तेलंगण व कर्नाटकाला लागून आहे, लातूर बिदरला लागून आहे. त्यामुळे सीमेपलीकडून चोरटा माल आणणे सोपे वाटते. या धंद्यात मालाचे पाप तर आहेच, पण त्याबरोबर खोटे बिल, लपवाछपवी आणि लाच येते. लाच देणारा व घेणारा दोघांवर पैगंबर (स.) यांनी लानत केली आहे. पकडला गेला तर सारा मोहल्ला बदनाम होतो. हा धंदा आजच बंद केला पाहिजे.

मुलांना विक्री. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलास तंबाखू दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. सुटी विडी-सिगारेट विकण्यास राज्यात २०२० पासून मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चाचा म्हणत आलेल्या पोराच्या हाती पुडी ठेवणाऱ्याने आखिरतमध्ये काय उत्तर देणार, याचा विचार करावा. बापाने पोराला विडी आणायला दुकानात पाठविणे हेही यातच आले.

ठोक व्यापारी. याला निवड करण्याची ताकद आहे, भांडवल आहे, दुसऱ्या मालाची ओळख आहे. म्हणून त्याची जबाबदारी जास्त.

किराणा दुकानदार. पन्नास मालांत तंबाखू हा एक. तो काढल्याने दुकान बंद पडत नाही.

पानटपरीवाला. याचे पोट यावरच आहे. त्याच्यावर फतवा फेकून निघून जाणे हे दीनचे काम नव्हे; पर्याय उभा करण्यास त्याला हात देणे हे काम आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रिया. सोलापूर, निजामाबाद या आपल्या शेजारच्या भागांत हजारो घरे हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर चालतात. किनवटच्या जंगलात तेंदूपाने गोळा करणारेही याच साखळीतले. विधवा बाई घरबसल्या विड्या वळते ती चैनीसाठी नव्हे. गरज ही शरीअतमध्ये विचारात घेतली जाते. दुसरे काम मिळेपर्यंत तिला दोष देण्यापेक्षा तिला शिलाई मशीन मिळवून देणे अधिक सवाबाचे आहे.

गाळा भाड्याने देणारे. यात मशिदी व दर्ग्यांचे विश्वस्तही येतात. मशिदीच्या गाळ्यात तंबाखू विकली जाते आणि त्या भाड्यावर वुजूखान्याची दुरुस्ती होते, हे शोभणारे नाही. गाळ्याच्या नव्या करारात तंबाखू न विकण्याची अट घालणे अवघड नाही.

कारागिराचा हिशेब

आता कारखान्यात येऊ. पुडी, विडी, सिगारेट मिळून दिवसाला ५० रुपये धरू. वर्षाचे १८,२५० रुपये झाले, दहा वर्षांचे १,८२,५००. चार कामगारांच्या गॅरेजमध्ये वर्षाला ७३,००० रुपये थुंकण्यात व धुरात गेले. दिवसातून सहा वेळा दहा-दहा मिनिटे कामावरून उठले, तर एक तास गेला. ठरावीक मजुरीवर असलेल्या माणसाचा तो तास मालकाचा असतो, हेही ध्यानात घ्यावे. रंग, थिनर, कापूस, लाकडाचा भुसा यांजवळ विडी पेटविणे म्हणजे सर्वांच्या भाकरीला आग लावणे होय.

उस्तादाची जबाबदारी आणखी मोठी. चांगली सोबत कस्तुरी विकणाऱ्यासारखी आणि वाईट सोबत भाता फुंकणाऱ्यासारखी; एकाकडून सुगंध मिळतो, दुसऱ्याकडून कपडे जळतात, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. चौदा-पंधरा वर्षांचा शागीर्द पान्याबरोबर पुडी धरायलाही आपल्याकडूनच शिकतो. आईबापांनी तो हुनर शिकायला पाठविलेला असतो.

धंदा बदलायचा तर

एका दिवसात टपरी मोडा, असे आम्ही सांगत नाही. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या पद्धतीने बदल करावा.

१) एक महिना वहीत वेगळा हिशेब ठेवावा. तंबाखूच्या मालातून नफा किती, उधारी किती, आणि तंबाखूसाठी आलेले गिऱ्हाईक दुसरे काय घेते, हे लिहावे. उधारी वजा केल्यावर नफा वाटत होता त्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे.

२) गुटखा व मुलांना विक्री पहिल्याच दिवशी बंद करावी. नंतर तंबाखूचा नवा माल भरणे थांबवावे. शिल्लक मालाबाबत जाणकार मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा.

३) पान ठेवावे, पण तंबाखू काढावी. गुलकंद, बडीशेप, खोबरे घातलेले गोड पान घरच्यांसाठीही जाते. सुपारीही कमी करीत न्यावी. चहा, सरबत, फळे, खजूर, अत्तर-टोप्या, यांपैकी त्या चौकात जे चालते ते मांडावे.

४) मोहल्ल्याच्या बैतुलमालने किंवा बिनव्याजी पतसंस्थेने असा धंदा बदलणाऱ्यास पहिले कर्जे-हसना द्यावे. जुमाच्या बयानात तंबाखूवर बोलणे सोपे असते. सोडणाऱ्याच्या टपरीवरून चहा पिणे हा खरा पाठिंबा.

मागील कमाईचे काय, या विचाराने काही जण खचतात. व्याजाच्या संदर्भात सूरह बकरामध्ये (आयत २७५) सांगितले आहे की, उपदेश पोहोचल्यावर जो थांबला, त्याचे पूर्वीचे त्याला आणि त्याचा मामला अल्लाहकडे. त्या आधारे उलेमा तंबाखू सोडणाऱ्या व्यापाऱ्यालाही धीर देतात.

ज्यांना स्वतःची सवय सोडायची आहे त्यांनी रमजान हाताशी धरावा. जो माणूस तेरा-चौदा तास पुडीशिवाय राहतो, त्याच्याजवळ ताकद आहे, हे सिद्धच झाले. अडचण इफ्तारनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची असते. तो वेळ पाणी, खजूर, मगरिबची नमाज व मिस्वाक यांत घालवावा. जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळते. १८००-११-२३५६ या सरकारी मदतवाहिनीवर फोन मोफत आहे. औषध घेऊन सोडणे यात कमीपणा नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

वाचकांनी आपल्या दुकानात किंवा जुमाच्या नमाजनंतर मित्रांसह या प्रश्नांवर विचार करावा :

१) मी जो माल विकतो तो माझ्या मुलाने वापरलेला मला चालेल काय?

२) मी मकरूहचा फतवा मानतो तो अभ्यासाने, की सोयीने?

३) माझ्या नफ्यातील किती भाग तंबाखूचा आहे, हे मला आकड्यात सांगता येईल काय?

४) माझ्या ओळखीचा एक टपरीवाला हा धंदा सोडू इच्छितो, तर मी त्याला पैसा, माल किंवा गिऱ्हाईक यांपैकी काय देऊ शकतो?

माल कोठून कमावला आणि कोठे खर्च केला, हे दोन्ही प्रश्न कियामतच्या दिवशी विचारले जातील, असे हदीसमध्ये आले आहे. तंबाखू ही अशी वस्तू आहे की विकणाऱ्याला पहिला प्रश्न लागतो, खाणाऱ्याला दुसरा, आणि जो विकतो व खातोही, त्याला दोन्ही. उत्तराची तयारी वहीतील हिशेबापासून सुरू करता येते. अल्लाह आम्हां सर्वांना हलाल रोजी कमावण्याची व ती योग्य ठिकाणी खर्च करण्याची तौफीक देवो. आमीन.